वेनहॅम बायनॉक्युलर सूक्ष्मदर्शक आणि त्याच्या खणातल्या वस्तू

फोटो मोठे करून नीट पाहिले. नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लीड्सजवळच्या एका लिलावात दोन नळ्यांचा पितळी सूक्ष्मदर्शक पेटीसकट मिळाला. पायावर 'आर अँड जे बेक, ३१ कॉर्नहिल' असं लंडनच्या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या पेढीचं नाव कोरलंय. तिरक्या नळीतून नुसता अंधार दिसतो. खणात पडलेल्या वस्तू कशाच्या ते कळत नाही. आणि पितळ घासून चकचकीत करावं का?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिथे घाई झाली तर नुकसान कायमचं आहे. घासू नका. पितांबरी, ब्रासो, चिंच, लिंबू, काहीही नको. त्या पितळेवरचा मधासारखा रंग म्हणजे मळ नव्हे, तो लाखेचा थर आहे. कारागिराने पितळ किंचित तापवून तो ब्रशने चढवलेला असतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून स्पिरिट आणि सॅनिटायझरही लांब ठेवा. मऊ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा, लागलाच तर सौम्य साबणाचा एक थेंब, आणि लगेच कोरड्या कापडाने पुसा. फोकसचं चाक जड फिरतंय ते आतलं जुनं वंगण सुकल्यामुळे. जोर लावू नका, दात्यांमधलं ते चिकट वंगण लाकडी काडीने हळूहळू काढा.

आता तिरकी नळी. ती बिघडलेली नाही असं मला फोटोवरून वाटतं. फ्रान्सिस वेनहॅम यांनी १८६० मध्ये ही रचना मांडली. ऑब्जेक्टिव्हच्या (वस्तूजवळच्या भिंगाच्या) लगेच वर एक छोटं प्रिझम अर्ध्या वाटेत आडवं येतं आणि अर्धा प्रकाश तिरक्या नळीत वळवतं, उरलेला अर्धा सरळ नळीतून वर जातो. दोन डोळ्यांना किंचित वेगळं चित्र मिळतं, म्हणून वस्तूला खरा उठाव येतो. हे प्रिझम सरकत्या पितळी चौकटीत बसवलेलं असतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत ऑब्जेक्टिव्हच्या वर बाजूला बारीक गुंडी दिसते ना, ती बाहेर ओढलेली आहे. आत सरकवा, उजेड यायला हवा. नळ्या वर जाताना एकमेकींपासून दूर होतात, त्यामुळे आयपीस (डोळ्याजवळची भिंगं) वर-खाली करून ते आपल्या डोळ्यांच्या अंतराशी जुळवायचे.

पण पाव इंची ऑब्जेक्टिव्ह लावून दोन्ही नळ्यांतून पाहायला गेलात तर अर्धं दृश्य काळं दिसेल. तोही बिघाड नव्हे. जास्त शक्तीच्या ऑब्जेक्टिव्हचं मागचं भिंग खूप आत असतं आणि प्रिझम त्याच्या पुरेसं जवळ जाऊ शकत नाही. २ इंचीपासून २/३ इंचीपर्यंत दोन्ही डोळे, त्यापुढे प्रिझम बाहेर ओढून एकच नळी.

हे इंच म्हणजे ऑब्जेक्टिव्हचं नाभीय अंतर. त्या काळी इंग्लंडमध्ये नळीची लांबी १० इंच धरत, म्हणून हिशोब सोपा: १ इंची म्हणजे १० पट, २/३ म्हणजे १५, पाव इंची म्हणजे ४०. त्याला आयपीसच्या शक्तीने गुणा. लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ मध्ये ऑब्जेक्टिव्हच्या आट्यांचं माप ठरवून दिलं आणि ते अजून चालू आहे, त्यामुळे शाळेच्या सूक्ष्मदर्शकाचं १६० मिलीमीटर नळीसाठीचं ४ पटीचं ऑब्जेक्टिव्हही तुमच्याकडे बसायला हवं. गंमत म्हणून लावून बघा.

खणातल्या वस्तूंकडे येतो, खरी दौलत तिथेच आहे. मधोमध भोक असलेली, आतून चांदीसारखी चकाकणारी वाटी म्हणजे लीबरकून. (डॉक्टर मंडळींना हे नाव आतड्यातल्या ग्रंथींमुळे ओळखीचं असेल. माणूस तोच, १८ व्या शतकातला बर्लिनचा शरीरशास्त्रज्ञ.) ही वाटी ऑब्जेक्टिव्हच्या टोकावर चढवतात. खालच्या आरशाचा प्रकाश वस्तूच्या कडेकडेने वर जातो, वाटीवर आपटतो आणि वरून वस्तूवर पडतो. म्हणजे भुंग्याचा पंख किंवा समुद्राच्या वाळूतले बारीक शंख, ज्यांतून प्रकाश आरपार जातच नाही, ते वरून उजळतात. टाचणीसारख्या दांड्यावरची ती काळी टोपलीही याच कामाची. ती स्लाइडखाली अशी ठेवायची की मधला थेट प्रकाश अडेल आणि वस्तू काळ्याभोर पार्श्वभूमीवर उठून दिसेल. प्रत्येक लीबरकून ठराविक ऑब्जेक्टिव्हसाठीच घडवलेलं असतं, बाहेरून आकडा कोरलाय का पाहा. आतल्या बाजूला बोटसुद्धा लावू नका.

दोन आखूड पितळी नळ्या, ज्यांत तिरका कापलेला स्फटिक दिसतो, ती निकोल प्रिझमं असावीत, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश तेवढा पुढे सोडणारी. खात्री करायची तर एक नळी लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून सावकाश फिरवा. एका पूर्ण फेरीत दोनदा अंधार झाला तर निकोलच. एक मंचाखाली (स्लाइड ठेवतात त्या पट्टीखाली) बसवायचं, दुसरं ऑब्जेक्टिव्हच्या वर. सोबतच्या अभ्रकासारख्या पातळ चकत्या सेलेनाइटच्या (पारदर्शक जिप्समच्या) असतील. त्या मध्ये घातल्या की शिंगाचा पातळ काप किंवा सॅलिसिनचे (विलो झाडाच्या सालीतल्या द्रव्याचे) स्फटिक रंगांनी पेटून उठतात. प्रिझमचे दोन तुकडे कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने चिकटवलेले असतात, ते स्फटिक नळीतून काढायचा प्रयत्न करू नका.

पाव इंची ऑब्जेक्टिव्हवर फिरणारं आकड्यांचं कडं आहे ना, ती अँड्र्यू रॉस यांनी १८३७ मध्ये आणलेली युक्ती. त्या काळी स्लाइडवरची काच कधी जाड कधी पातळ असायची आणि तेवढ्या फरकाने चित्र धूसर व्हायचं. कडं फिरवलं की आतल्या भिंगांमधलं अंतर बदलतं. एखादा बारीक ठिपका फोकसच्या वर आणि खाली सारखाच पसरेपर्यंत ते फिरवायचं. मला या सगळ्या पेटीत हा तुकडा सर्वांत सुंदर वाटतो.

सही पाहता हा सूक्ष्मदर्शक १८६० च्या दशकाच्या मध्यानंतरचा. त्याआधी पाटी 'स्मिथ, बेक अँड बेक' अशी असे. या घराण्याचा धागा थेट जोसेफ जॅक्सन लिस्टर यांच्यापर्यंत जातो. पेशाने दारूचे व्यापारी, पण १८३० मध्ये त्यांनी रंगदोष काढलेली भिंगं एकमेकांपासून किती अंतरावर बसवावीत याचा सिद्धांत मांडला आणि त्यानंतरच सूक्ष्मदर्शक भरवशाचा झाला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जोसेफ लिस्टर त्यांचे चिरंजीव, आणि रिचर्ड बेक त्यांचा भाचा.

पेटी पुण्याला आणायचा विचार आहे म्हणालात. ऑब्जेक्टिव्ह आणि निकोल पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशी धरेल. आणि खणातल्या वस्तू सुट्या विकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या लीबरकूनला दुसऱ्या ऑब्जेक्टिव्हवर अर्थ नाही. पायावरच्या अनुक्रमांकाचा आणि ऑब्जेक्टिव्हच्या डब्यांच्या झाकणांचा जवळून फोटो टाका, म्हणजे कुठली भिंगं मूळची आणि कुठली नंतर आलेली ते पाहता येईल.