वहीत नफा १३,६००, खात्यात ३,८००: पैसे गेले कुठे?

तुमची पोस्ट वाचली. टीवायबीकॉम करता करता परळला घरीच टी-शर्ट छपाई सुरू केलीत, जूनमध्ये एका कंपनीची २०० शर्टांची ऑर्डर पूर्ण केलीत, वहीत १३,६०० रुपये नफा आला; पण वडिलांनी दिलेल्या ७५,००० पैकी खात्यात ३,८०० उरले. "हिशेब कुठे चुकला?" हा तुमचा प्रश्न.

हिशेब चुकलेला नाही. तुम्ही दिलेले आकडेच मांडतो. विक्री २०० गुणिले २५०, म्हणजे ५०,०००. कोरे शर्ट १४० रुपयांनी २८,०००, शाई-कागद ६,०००, पॅकिंग-टेम्पो २,०००. एकूण खर्च ३६,०००. उरले १४,०००. हीटप्रेस, म्हणजे शर्टावर छाप उमटवायचं मशीन, २४,००० चं; पाच वर्षं चालेल असं धरून महिन्याचा घसारा, म्हणजे झिजेचा खर्च, ४००. म्हणून नफा १३,६००.

आता रोकड बघा. मशीनचे २४,००० पहिल्याच दिवशी गेले, वहीत मात्र खर्च फक्त ४०० दिसतो. होलसेलवाल्याने पूर्ण गठ्ठा घ्यायला लावला म्हणून ८० शर्ट जादा आले, त्यांचे ११,२०० कपाटात पडून आहेत. तो साठा आहे, खर्च नाही, म्हणून नफ्यातून वजा होत नाही. आणि ५०,००० ची विक्री अजून येणे आहे. ३६,००० अधिक २४,००० अधिक ११,२०० म्हणजे ७१,२००. उरले ३,८००. परीक्षेत उपार्जन तत्त्व लिहितो आपण, ते हेच: विक्री झाली त्या दिवशी उत्पन्न धरायचं, पैसे येतील तेव्हा येतील.

खरी अडचण त्या ५०,००० ची आहे, आणि मला स्वतःला सगळ्यात महागात पडलेली चूक तुमच्या पोस्टमध्ये दिसतेय: माल गेटवर वॉचमनकडे दिला आणि चलानावर सही-शिक्का घेतला नाही. मग अकाउंट्समधून ठरलेली उत्तरं येतात. "बिल साहेबांच्या टेबलावर आहे." "पीओ नंबर नाही, परत पाठवलंय." (पीओ म्हणजे कंपनीची लेखी खरेदी ऑर्डर.) "स्टोअरने १९६ नग लिहिलेत, तुमचं बिल २०० चं." चार शर्टांच्या फरकासाठी पूर्ण बिल महिनाभर अडकतं, कारण पीओ, स्टोअरची आवक नोंद आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट पुढे सरकतच नाही. हे आधी कुणी सांगत नाही, याचा मला आजही राग येतो. नग परत आले तर त्याच दिवशी त्या नगांची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याची चिठ्ठी, द्या.

चलानावर तारीख, नग, इनवर्ड (आवक नोंदीचा) नंबर आणि शिक्का घ्याच. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात पैसे देण्याच्या मुदतीचं घड्याळ मालाच्या स्वीकृतीपासून चालू होतं. १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे; करार असला तरी कमाल ४५ दिवस. करारात ९० लिहून घेतलं तरी ४५ च. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय प्राप्तिकरात २०२३-२४ पासून अशी थकबाकी मुदतीत दिली नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. मार्चअखेर आर्थिक वर्ष संपायच्या आधी हे नम्रपणे मेलवर लिहिलं की फाइल हलते.

पण यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, हवी, आणि ती माल देण्याआधीची असलेली बरी. या ऑर्डरला बहुधा उशीर झालाय, पुढच्यासाठी आजच करा. आधार-पॅनवर होते, फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट खोट्या, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना बघा. तुम्ही स्वतः छापता, तर नोंदणीत व्यवसाय म्हणून छपाईच दाखवा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. मी वकील किंवा सीए नाही, रक्कम मोठी असेल तर सल्ला घ्या.

माझं ठाम मत: पुढच्या ऑर्डरला ६० टक्के आगाऊ मागा. ५०,००० वर ३०,००० येतात, त्यात कोऱ्या शर्टांचे २८,००० निघतात. नाही म्हणाले तर ऑर्डर सोडा. काही जणांना हे टोकाचं वाटेल.

आणि चार रात्री मदतीला आलेल्या मैत्रिणीची मजुरी हिशेबात कुठेच नाही. ती धरा आणि द्या, कंपनीचे पैसे येवोत न येवोत. १३,६०० तेवढ्याने कमी होतील, खरा नफा तोच.

कपाटातले ८० शर्ट कोरेच, १४० ला, कॉलेजच्या एखाद्या ग्रुपला देऊन टाका. वहीत नफा शून्य दिसेल, खात्यात ११,२०० येतील. सध्या तुम्हाला तेच हवेत.