बिल्ड आणि टेस्टला पाऊण तास लागतोय, जेंकिन्ससाठी मोठं मशीन घ्यावं का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: जावा, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क), मेव्हन (जावाचं बिल्ड टूल), फ्रंटएंड रिॲक्टचा, टेस्ट दोन हजारांच्या आसपास, आठ जणांची टीम, दोन आठवड्यांचा स्प्रिंट, जेंकिन्स (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) एकाच जुन्या मशीनवर. आणि मॅनेजर म्हणतात, टेस्ट फक्त रात्री चालवू. विचारलंय मशीनबद्दल, पण मला आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचंय. हाच वाद मी कोल्हापुरात एकापेक्षा जास्त टीमशी घातलाय आणि माझं मत तसूभरही बदललेलं नाही. टेस्ट रात्रीवर ढकलल्याने बिल्ड वेगवान होत नाही, चूक उशिरा कळते.

हिशेब करून बघा. आठ जणांनी दिवसाला दोन-दोन बदल मर्ज केले (मुख्य कोडमध्ये मिसळले) तर रात्रीपर्यंत सोळा बदल एकमेकांत मिसळलेले असतात. सकाळी बिल्ड लाल, म्हणजे फेल, दिसला की नेमका कुठला बदल नडला हे शोधायला गिट बायसेक्ट (दरवेळी निम्मे बदल वगळत दोषी बदल शोधणारी कमांड) लावायचं. सोळातून एक काढायला चार फेऱ्या, एकेक फेरी पाऊण तासाची. तीन तास नुसत्या शोधण्यात गेले, दुरुस्ती वेगळीच. तोवर बाकीच्यांनी त्याच तुटक्या मेन ब्रँचवरून आपापल्या ब्रँच काढलेल्या असतात. इथल्या मॅनेजरना हे पटवताना मी शिरोलीच्या फाउंड्रीचं (ओतकामाच्या कारखान्याचं) उदाहरण देतो. भट्टीतला रस ओतण्याआधी स्पेक्ट्रोला (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राला) नमुना जातो, कारण कार्बन-सिलिकॉन भट्टीत असेपर्यंतच सुधारता येतं. साच्यात ओतल्यावर कळलं तर अख्खी हीट, म्हणजे भट्टीची ती खेप, रिजेक्शनला. मर्जआधीची टेस्ट म्हणजे तो नमुना. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीत "दहा मिनिटांचा बिल्ड" ही प्रथाच आहे. त्याहून जास्त वेळ लागला की माणूस दुसऱ्या कामाला लागतो आणि लाल बिल्डकडे परत वळायला तासभर जातो.

आता वेळ जातो कुठे. हे न बघता मशीनची ऑर्डर देणं म्हणजे पैसे पाण्यात. जेंकिन्समध्ये टाइमस्टॅम्पर प्लगइन लावा, म्हणजे लॉगच्या प्रत्येक ओळीला वेळ दिसेल. रांगेत थांबलेला वेळ आणि प्रत्यक्ष चाललेला वेळ वेगळा काढा. एकच एक्झिक्युटर (एका वेळी एक बिल्ड चालवणारी जागा) असेल तर तुमच्या पाऊण तासापायी मागचा कुणीतरी तितकंच रांगेत थांबलेला असतो. टारगेट डिरेक्टरीतल्या शुअरफायर (मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगइन) रिपोर्टच्या एक्सएमएल फायलींत प्रत्येक टेस्टचा वेळ असतो. तो काढून उतरत्या क्रमाने लावा. आणि टेस्ट चालू असताना सर्व्हरवर एचटॉप (कोर आणि मेमरीचा वापर दाखवणारं टूल) उघडून बघा. असलेल्या कोरपैकी एकच कोर राबत असेल तर सोळा कोरचं मशीन आणून पंधरा कोर बसून राहतील.

मी सोडवलेला एक बिल्ड तुमच्याशी बराच जुळतो, त्यावरून सांगतो. फाउंड्रीचं ईआरपी: हीट नंबर, डिस्पॅच, चलन, जीएसटीची बिलं. एकूण ४३ मिनिटं. मेव्हनच्या डिपेंडन्सी (बाहेरच्या लायब्ररी) उतरवायला ६, एनपीएमला (फ्रंटएंडच्या पॅकेजेसना) ५, कंपाइलला जेमतेम २, टेस्टना २६, डॉकर इमेजला (ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधायला) ४. टीमला वाटत होतं कंपाइल हळू आहे. कंपाइलला हात लावायची गरजच नव्हती.

डाउनलोडची सहा मिनिटं फुकट जात होती. बिल्ड डॉकर एजंटमध्ये, म्हणजे दरवेळी नव्या कंटेनरमध्ये, चालायचा आणि मेव्हनची लोकल रिपॉझिटरी (उतरवलेल्या लायब्ररींची डिरेक्टरी) कंटेनरबरोबर पुसली जायची. ती डिरेक्टरी व्हॉल्यूम म्हणून बाहेर ठेवा. दोन एक्झिक्युटर असतील तर दोघांना वेगवेगळी द्या, कारण मेव्हन ३ ची लोकल रिपॉझिटरी एकाच वेळी दोघांनी लिहायला सुरक्षित नाही. अर्धवट जार राहते आणि मग कुणालाच न कळणारी एरर येते. जेंकिन्सच्या कमांडमध्ये कुणीतरी कधीकाळी टाकलेला "मायनस यू" (-U) असेल तर काढा. तो प्रत्येक वेळी सगळ्या स्नॅपशॉटसाठी (अजून पक्क्या न झालेल्या आवृत्त्यांसाठी) बाहेर विचारणा करायला लावतो. एनपीएमला इन्स्टॉलऐवजी सीआय वापरा आणि नोड मॉड्यूल्सऐवजी एनपीएमची स्वतःची कॅशे डिरेक्टरी जपा, कारण सीआय कमांड नोड मॉड्यूल्स पुसूनच सुरुवात करते. डॉकरफाइलमध्ये आधी पॉम आणि पॅकेज-लॉक (डिपेंडन्सींची यादी असलेल्या फायली) कॉपी करा, मग डिपेंडन्सी, सोर्स अगदी शेवटी. सोर्स वर असेल तर एका ओळीच्या बदलाने खालचे सगळे लेयर नव्याने बनतात. डॉकरइग्नोर फाइलमध्ये गिट, टारगेट आणि नोड मॉड्यूल्स टाका.

खरा माल टेस्टच्या २६ मिनिटांत होता. स्प्रिंग एकदा उभा केलेला टेस्ट कॉन्टेक्स्ट (ॲपचे सगळे भाग जोडून तयार केलेला संच) जपून ठेवतं आणि पुढच्या क्लासला तोच देतं, पण कॉन्फिगरेशन हुबेहूब तेच असेल तरच. एका क्लासमध्ये मॉकबीन (खऱ्या सेवेच्या जागी ठेवलेली नकली) जीएसटी क्लायंटचं, दुसऱ्यात एसएमएसचं, तिसऱ्यात दोन्हींचं, की झाले तीन वेगळे कॉन्टेक्स्ट. प्रोफाइल बदललं, एखादी प्रॉपर्टी बदलली, तरी नवा. स्प्रिंग बूट ३.४ पासून मॉकबीनच्या जागी मॉकिटोबीन आलं, पण हा नियम त्यालाही लागू आहे. लॉगिंगमध्ये स्प्रिंगच्या टेस्ट-कॉन्टेक्स्ट-कॅशे पॅकेजला डीबग लेव्हल दिली की हिट, मिस आणि आकार छापून येतात. या बिल्डमध्ये ४१ कॉन्टेक्स्ट उभे राहत होते, प्रत्येकी सोळा-एक सेकंद. अकरा मिनिटं नुसती स्प्रिंग सुरू होण्यात! शिवाय कॅशेची मर्यादा मुळात ३२ ची. त्यापुढे गेलं की न वापरलेला जुना कॉन्टेक्स्ट बाहेर जातो आणि लागला तर पुन्हा बांधला जातो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण हमखास लागू पडतो. एकच मूळ टेस्ट क्लास करा, बाहेरच्या सगळ्या सेवांचे मॉक त्यातच ठेवा (जीएसटी पोर्टल, एसएमएस, वजनकाटा) आणि सगळ्या इंटिग्रेशन टेस्ट (अनेक भाग एकत्र तपासणाऱ्या) तोच क्लास एक्स्टेंड करून लिहा. कंट्रोलरसाठी वेबएमव्हीसी टेस्ट, डेटाबेसशी बोलणाऱ्या रिपॉझिटरी क्लाससाठी डेटा जेपीए टेस्ट, म्हणजे ॲपचा तेवढाच भाग उभा राहतो. आणि कराचा हिशेब, राउंडिंग, वजनावरून दर असल्या टेस्टना स्प्रिंग लागतच नाही. साधा ऑब्जेक्ट बनवा, मिलिसेकंदात होतात. ४१ चे चार कॉन्टेक्स्ट झाले.

डर्टीज-कॉन्टेक्स्ट हे ॲनोटेशन दिसेल तिथून उपटून काढा. आधीच्या टेस्टचा डेटा मागे राहतो म्हणून कुणीतरी ते लावतं आणि दरवेळी अख्खा कॉन्टेक्स्ट फेकला जातो. डेटाची अडचण डेटानेच सोडवा: ट्रान्झॅक्शनल टेस्ट करा, शेवटी रोलबॅक होतो, म्हणजे डेटा पूर्ववत होतो. मात्र टेस्ट खरा पोर्ट उघडून एचटीटीपीने बोलत असेल तर सर्व्हरचा थ्रेड वेगळा, ट्रान्झॅक्शन वेगळं, रोलबॅक होणार नाही. तिथे टेबलं ट्रंकेट (रिकामी) करा. आणि ट्रान्झॅक्शनल टेस्टमध्ये फ्लश केल्याशिवाय (साठलेले बदल डेटाबेसकडे पाठवल्याशिवाय) युनिक कन्स्ट्रेंटची एरर दिसेलच असं नाही, म्हणून तपासण्याआधी फ्लश मारा.

डेटाबेस खराच वापरा. प्रॉडक्शनला पोस्टग्रेस आणि टेस्टला एच२ (मेमरीत चालणारा छोटा डेटाबेस) हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. एच२ वर हिरवं झालेलं पोस्टग्रेसवर तुटतं आणि मग टेस्टवरचा विश्वासच जातो. टेस्टकंटेनर्स (टेस्टसाठी खरा डेटाबेस डॉकरमध्ये उठवणारी लायब्ररी) वापरताना कंटेनर प्रत्येक क्लासला न उठवता स्टॅटिक ठेवून एका जेव्हीएमला (जावा चालवणाऱ्या प्रोसेसला) एकदाच उठवा. फ्लायवेचं मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्ट) एकाच डेटाबेसवर चालवा आणि बाकीचे डेटाबेस त्याला टेम्प्लेट धरून बनवा. शंभर-दोनशे मायग्रेशन पुन्हा चालवण्यापेक्षा ही नक्कल कितीतरी लवकर होते. नक्कल करताना टेम्प्लेटवर एकही कनेक्शन उघडं नको, नाहीतर पोस्टग्रेस नकार देतं. टेस्टच्या पोस्टग्रेसला एफसिंक, सिंक्रोनस कमिट आणि फुल पेज राइट्स (डेटा डिस्कवर सुरक्षित लिहिला जाण्याची काळजी घेणारी सेटिंग) बंद करा, डेटा डिरेक्टरी टीएमपीएफएसवर (मेमरीतल्या डिस्कवर) टाका. ही सेटिंग चुकूनही प्रॉडक्शनच्या कॉन्फिगमध्ये जाऊ देऊ नका, वीज गेली तर डेटा खराब होईल.

स्लीप शोधा. "पाच सेकंद थांब" असं लिहिलेल्या टेस्ट सगळीकडे असतात. त्याजागी अवेटिलिटी लावा. ती दर १०० मिलिसेकंदांनी बघते आणि काम झालं की लगेच पुढे जाते. इथे चार मिनिटं सुटली.

हे सगळं झाल्यावरच टेस्ट पॅरलल, म्हणजे एकाच वेळी, चालवायच्या, आधी नाही. प्रत्येक फोर्क म्हणजे वेगळी जेव्हीएम, तिची कॉन्टेक्स्ट कॅशे वेगळी. कॉन्टेक्स्ट कमी न करता चार फोर्क लावले तर चौघेही आपापले कॉन्टेक्स्ट बांधत बसतात. लोक हे करून बघतात, फरक पडत नाही म्हणतात आणि मोठ्या मशीनचं कोटेशन मागवतात. शुअरफायरमध्ये फोर्ककाउंट ३ ने सुरुवात करा आणि रियूज फोर्क्स चालूच ठेवा. ते बंद केलं तर दर क्लासला नवी जेव्हीएम आणि कॅशे शून्य. प्रत्येक फोर्कला स्वतःचा डेटाबेस, पोर्ट शून्य म्हणजे मिळेल तो, तात्पुरत्या फायली वेगळ्या डिरेक्टरीत. एका फोर्कला साधारण एक जीबी धरा, वर पोस्टग्रेस आणि जेंकिन्स. मेमरी कमी पडली की "फोर्क्ड व्हीएम टर्मिनेटेड विदाउट प्रॉपरली सेइंग गुडबाय" असा संदेश येतो आणि एक्झिट कोड बहुधा १३७ असतो. लोक तो टेस्टचा दोष समजून दिवस घालवतात. कर्नलने मेमरीसाठी प्रोसेस मारलेली असते.

मशीन तेच ठेवून ४३ मिनिटांचा तो बिल्ड बारा मिनिटांच्या आत आला.

आता कधी पास, कधी फेल होणाऱ्या टेस्ट. शुअरफायरला फेल टेस्ट पुन्हा चालवायची सोय आहे आणि बरेच जण ती लावून मोकळे होतात. माझा याला ठाम विरोध आहे. हजार टेस्ट असतील आणि प्रत्येक हजारात एकदा उगाच फेल होत असेल, तर सगळा संच हिरवा यायची शक्यता फक्त ३७ टक्के उरते. गूगलने २०१६ साली सांगितलं होतं की त्यांच्याकडच्या साधारण १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार असा डळमळीतपणा आहे, म्हणजे हे टाळता न येणारं असेल कदाचित, पण झाकण्याजोगं नाही. अशी टेस्ट त्याच दिवशी टॅग लावून वेगळ्या जॉबमध्ये हलवा, मालकाचं नाव लिहा, स्प्रिंट संपेपर्यंत दुरुस्त करा नाहीतर काढून टाका.

यातला एक प्रकार आपल्याकडे हमखास सापडतो. जेंकिन्स आणि डेटाबेस यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर), कोड आशिया-कोलकाता धरून. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीची तारीख आपल्यापेक्षा एक दिवस मागे असते. बिलाची तारीख कोडने आजची लावली आणि क्वेरीत करंट डेट वापरली तर दिवसभर हिरवी असलेली टेस्ट रात्री दोनला लाल. ३१ मार्च-१ एप्रिलच्या रात्री तर बिलाचा नंबर चुकीच्या आर्थिक वर्षात जातो. टेस्ट फक्त रात्री चालवणाऱ्या टीमला हे रोज दिसतं आणि सकाळी पुन्हा चालवून हिरवं झालं की "सर्व्हरचा प्रॉब्लेम" म्हणून सोडून दिलं जातं. तो प्रॉडक्शनमधला खरा बग असतो. कोडमध्ये क्लॉक बाहेरून द्या आणि पहाटे चारची वेळ गोठवून एक टेस्ट लिहा.

मशीनचं. ॲमडालचा नियम १९६७ पासून हेच सांगतो: ४३ पैकी २५ मिनिटं एकामागून एकच होणारी असतील, तर कोर कितीही वाढवले तरी २५ च्या खाली जाता येत नाही. वरची कामं झाल्यावर एचटॉपमध्ये सगळे कोर भरलेले दिसले तर जरूर घ्या: आठ कोर, ३२ जीबी, एनव्हीएमई डिस्क, यूपीएसवर. ऑफिसमध्येच एजंट म्हणून लावा. क्लाउडचा रनर (बिल्ड चालवणारं भाड्याचं मशीन) बहुधा दरवेळी कोरा येतो, कॅशे पुन्हा उतरवण्यात वेळ जातो. टीममध्ये विंडोजचे डेस्कटॉप असतील तर प्रोजेक्ट आणि मेव्हनच्या डिरेक्टरीला अँटिव्हायरसच्या रिअल-टाइम स्कॅनमधून वगळायला ॲडमिनला सांगा. लोकल बिल्डला तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

हे सगळं एका मोठ्या जावा ॲप्लिकेशनला धरून आहे. सी++ किंवा अँड्रॉइड असेल तर तिथे कंपाइलच वेळ खातं, हिशेब वेगळा. आणि सगळं एकाच स्प्रिंटमध्ये घेऊ नका. आधी कॅशे आणि मोजमाप, पुढच्यात कॉन्टेक्स्ट, मग फोर्क.

मॅनेजर तरीही रात्रीवरच अडून राहिले तर एवढं तरी मान्य करून घ्या: युनिट टेस्ट आणि डेटाबेसच्या टेस्ट मर्जआधी सक्तीच्या, सेलेनियमच्या ब्राउझर टेस्ट खुशाल रात्री जाऊ देत. आणि रात्रीचा रन लाल आला तर सकाळी स्टँडअपच्या (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगच्या) आधी तो बघणारा माणूस आठवड्याच्या पाळीने ठरवून ठेवा.