आधी नळी बघा, मग व्होल्टेज

तुम्ही विचारलंय, आर्गॉनच्या प्लाझ्मा जेटमधून, म्हणजे विजेने प्लाझ्मा केलेल्या गॅसच्या झोतातून, निघणारे हायड्रॉक्सिल, ओझोन, पेरॉक्साइड व्होल्टेज कमीजास्त करून हवे तेवढे मिळतील का. नाही. व्होल्टेजने बहुतेक सगळंच एकदम वरखाली होतं. एकच काही वाढवायचं तर गॅसमध्ये काय मिसळतंय ते बघा. आपल्याला न कळता जे मिसळतं ते पाणी.

सांगलीत मी हे भोगलंय. जानेवारीत जेटखाली पाच मिनिटं ठेवलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये टायटॅनियम ऑक्सिसल्फेट (पेरॉक्साइड असलं की पिवळं होतं) घातलं की फिकट पिवळा रंग यायचा. जुलैत तेच व्होल्टेज, तोच फ्लो, आणि रंग पिकल्या लिंबासारखा. 407 नॅनोमीटरला, म्हणजे हा पिवळा रंग मोजतात त्या तरंगलांबीला, रीडिंग जवळजवळ दुप्पट. सर म्हणाले, तुला पिपेट धरता येत नाही. तीन आठवडे मी पिपेटच तपासत होते.

आमची गॅसची नळी म्हणजे गवंड्यांची पारदर्शक लेव्हल पाइप, चार मीटर. पावसाळ्यात लॅबच्या भिंतींना ओल यायची, तिथे ही नळी रात्रभर ओलावा पिऊन बसायची. सकाळी गॅस सोडला की तोच ओलावा प्लाझ्मात. तिथे पाण्याचा रेणू फुटतो, हायड्रॉक्सिल सुटतं, दोन हायड्रॉक्सिल जुळून पेरॉक्साइड होतं. कुपवाड एमआयडीसीतून स्वतःच्या पैशाने पाव इंची स्टीलची पाइप आणली, तासभर नुसता गॅस वाहवला. जेटच्या प्रकाशाच्या स्पेक्ट्रममधली 309 नॅनोमीटरची हायड्रॉक्सिलची रेषा खाली बसली, रंग पुन्हा फिकट. सर म्हणाले, योगायोग. मी त्यांच्यासमोर जुनी नळी परत लावली. रंग परत गडद. ते काही न बोलता निघून गेले.

तेव्हा गॅस आधी कोरडा करा, मग त्यातला थोडा भाग बबलरमधून, म्हणजे पाण्यातून बुडबुडे काढत, नेऊन मोजून ओला करा. आर्गॉनऐवजी हीलियम असेल आणि सुटे ऑक्सिजन अणू हवे असतील तर त्यात मिसळायचा ऑक्सिजन अर्ध्या टक्क्याच्या आसपास ठेवा. त्यापुढे ते अणू घटतात आणि ओझोन वाढतो. नायट्राइट नको असेल तर जेटभोवती कोरड्या ऑक्सिजनचा पडदा सोडा, म्हणजे ज्यापासून नायट्राइट होतं तो बाहेरच्या हवेतला नायट्रोजन कमी शिरतो.

व्होल्टेज बिनकामाचं आहे असं नाही, एकूण मात्रा त्यानेच ठरते. आणि खोलीतली दमट हवाही टोकाशी थोडी भर घालते, त्यामुळे स्टीलची पाइप लावूनही पावसाळ्यात फरक उरतो.

थिसिसमध्ये मात्र नळी कशाची, किती लांब आणि गॅस किती वेळ वाहवला हे लिहाच. मला ते पान काढायला लावलं होतं.