जेसीबी यायच्या आधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या वाड्यात तुम्ही तिघांनी खणून काढलेल्या बाटलीचा फोटो मिळाला. गळ्याला दोन्ही बाजूंनी चिमटा काढल्यासारखी, हिरवट, ओठ फुटलेली ती बाटली गोटीसोड्याचीच आहे. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने 1872 मध्ये या घडणीचं पेटंट घेतलं. आतल्या वायूचा दाब गोटीला वर ढकलतो आणि गोटी रबराच्या कड्यात घट्ट बसते, बूच लागतच नाही. तुझ्या बाटलीत गोटी नाही आणि ओठ नेमका गोटी निघेल एवढाच फुटलाय. हे काम त्या वाड्यातल्या एखाद्या पोराचं. आम्हीही तेच केलंय.

'काका, हिचे किती येतील?' काही येणार नाहीत रे. पण ती किती खोल होती, वर राख होती की माती, शेजारी काय निघालं, हे मी फोनवर विचारलं तेव्हा तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. त्याचं वाईट वाटलं. म्हणून हे लिहितोय.

आठ दिवसांनी बाळीवेशीतला तो वाडा पडणार, जेसीबी येणार, म्हणून तुमची घाई चाललीय. तरी पहिला दिवस कुदळ घरीच ठेव. वाड्यातल्या म्हाताऱ्या अव्वांपाशी जाऊन बस. 'बाटल्या कुठं असतील' असं विचारू नकोस, त्या हसतील. आड कुठं होता आणि कधी बुजवला, धान्य साठवायचं जमिनीखालचं पेव कुठल्या सोप्यात होतं, चुलीची राख कुठं पडायची, न्हाणीचं पाणी कुठून जायचं, हे विचार. मध्येच कानडीत शिरल्या तर नातवाला बसवून घे. तुझ्या त्या काडीवाल्या यंत्रापेक्षा अव्वांचं बोट जास्त खरं.

मोबाइलवर परदेशातली माणसं जुन्या संडासांचे खड्डे उकरून टोपल्याभर बाटल्या काढताना दिसतात, ते बघून तुम्ही मागच्या बोळाला लागलात. आपल्याकडे जुन्या पेठांत टोपलीचे संडास होते, रोज उपसले जायचे. तिथं काय राहणार? शिवाय आपल्या घरांत बाटली टाकायची वस्तूच नव्हती. रिकामी झाली की तिच्यात घासलेट, नाही तर करडईचं तेल. उरलीच तर बाटलीवाला दारावर यायचाच. दवाखान्यात औषध आणायला बाटली घरूनच न्यायची. कंपाउंडर तिच्यात लाल मिक्श्चर भरायचा आणि कागदाची एक पट्टी घडी घालून, कात्रीने दाते कापून पोटावर चिकटवायचा. एक दाता म्हणजे एक डोस. आमच्या आईने अशी एकच बाटली किती वर्षं वापरली असेल! म्हणजे मातीत सापडते ती कुणालाच नको असलेली: चिरलेली, वास न जाणारी, विषारी काही असलेली, नाही तर आजारी माणूस गेल्यावर घरात नको म्हणून टाकलेली. तिच्याकडे बघताना एवढं ध्यानात ठेव.

तेव्हा शोधायचं ते बुजवलेल्या आडाच्या तोंडाशी आणि परड्यातल्या जुन्या उकिरड्यात. गावठाणातली पांढरी माती मऊ असते, राखेचा थर करडा आणि भुसभुशीत लागतो. माझा गज घेऊन जा. बोटभर जाडीचा आहे, वर आडवी मूठ आहे. हळूहळू दाबत न्यायचा, ठोकायचा नाही. दगडाला लागला की हाताला ठसका बसतो. काचेला लागला की बारीक 'टिक्' येतं आणि टोक किंचित सरकतं. ते कळायला दोन दिवस लागतील, तोवर खापरंच निघतील. काच लागली की कुदळ बाजूला, खुरपं आणि बांबूची चोय घे. अर्धी दिसली की ओढायची नाही. चहूबाजूंनी माती सुटली की ती आपणहून हातात येते.

आता धाक घालतो. पेव उघडं पडलं तर त्यात कुणीही उतरायचं नाही. बंद पेवातल्या ज्वारीने हवा मारलेली असते, दिवा सोडून बघण्याचा खेळही करायचा नाही. आडाचा भराव कमरेपेक्षा खोल खणायचा नाही, कडा कधी बसेल सांगता येत नाही. भिंतीपासून लांब राहा, माळवदाच्या घराच्या मातीच्या भिंतींवर केवढं ओझं असतं! धनुर्वाताचं इंजेक्शन तिघांनीही घ्या. बूच लागलेली भरलेली बाटली सापडली तर उघडायची नाही, हुंगायची तर नाहीच.

आणि खड्डा त्याच दिवशी बुजवायचा. तुझ्या वयाचा असताना आम्ही चौघांनी एका परड्यात खणलं, अंधार पडला, 'उद्या बघू' म्हणून निघून आलो. रात्री मालकाची कालवड त्यात पडली, पाय मोडला. पैसे आम्ही वर्गणी काढून भरले, पण त्या गल्लीत पुन्हा कुणी आम्हाला दारात उभं केलं नाही. वाडा पाडायचाच आहे, मग कशाला बुजवायचं, असं म्हणू नकोस. अव्वा अजून तिथंच राहताहेत.

बाटलीचं वय काढायचं म्हणून तू 'साच्याची शिवण ओठापर्यंत गेली की यंत्राची, खाली थांबली की जुनी' असं लिहिलंयस. अमेरिकेतल्या ओवेन्सचं आपोआप बाटल्या घडवणारं यंत्र 1903 चं, हे गणित तिकडचं. आपल्याकडे बाटल्या त्यानंतर कितीतरी वर्षं तोंडानेच फुंकत होते. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 चा, ओगलेवाडीचा 1916 चा. त्यामुळे शिवण बघून थांबू नकोस, तळ बघ, बुडबुडे बघ, अक्षरं बघ. मला एकदा नुसता एक तुकडा मिळाला होता, त्यावर इंग्रजीत गावाचं नाव जुन्या पद्धतीने, सोलापूरच्या ऐवजी 'शोलापूर'. पूर्ण बाटल्या देऊन टाकल्या, तो तुकडा अजून कपाटात आहे.

काचेवर मोरपंखी झाक दिसली तर घासू नकोस. ओल काचेतला क्षार ओढून घेते, मग पापुद्रे सुटतात, त्याचा तो रंग. गरम पाणी नको, मातीतून निघालेली काच तडकते. रात्रभर सावलीत ठेव, दुसऱ्या दिवशी साधं पाणी, आत मूठभर तांदूळ टाकून हलव.

नाणी, दागिना असं काही निघालं तर ते तुमचं नाही. 1878 चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांवरच्या ऐवजाची कलेक्टरला लेखी खबर द्यावी लागते. शंभर वर्षांवरच्या वस्तू विकायच्या गोष्टीही करू नकोस, 1972 च्या कायद्यात त्या पुरावस्तूंत येऊ शकतात. भुईकोटाच्या आसपास तर कुदळ घेऊन फिरायचंसुद्धा नाही.

वाटणीवरून आत्ताच बोलून घ्या. पहिली निवड वाड्याच्या घरच्यांची. उरलेल्यावर चिठ्ठ्या टाका. 'मी खणली म्हणून माझी' यावरून आमच्यातले दोघं आजही एकमेकांच्या लग्नकार्यात जात नाहीत, आणि ती बाटली शाईची होती, अंगठ्याएवढी.

एक शंभर पानी वही घे. खोली वितीत मोजलीस तरी चालेल, पण मोज.

गज जिन्याखाली आहे. परत आणताना पुसून तेल लावून आण, मागच्या वेळी गंजवलास.

तुझा
काका