मान किती वळते ते मोजायला शिकतेयस तर हे वाच

अगं, गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं साधन, हातात आला की आकडा लिहायची घाई होतेच, पण आधी पेशंटला पाठ टेकवून नीट बसव आणि मान वळवताना खांदा पण सोबत फिरतोय का बघ, खरी चोरी तिथेच होते. रोटेशन, म्हणजे मान एका बाजूला वळवणं, साधारण 80 अंश नॉर्मल धरतात पण ते तरुणांचं, सत्तरीतल्या आजींना तो आकडा सांगून उगाच घाबरवू नकोस. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून गाडी मारत आलेल्याला दारातून आल्या आल्या मोजलंस तर काय येणार? जरा बसू दे, एक-दोनदा मान हलवून घे, मग मोज. दोन-चार अंशांनी वाढलं म्हणून लगेच खूष पण होऊ नको, तेवढं मोजण्यातच इकडेतिकडे होतं.

आणि मेन म्हणजे आकडा आणि दुखणं हातात हात घालून चालतीलच असं नाही, मान मस्त वळते पण रात्रभर झोप नाही असे कितीतरी येतात. म्हणून नेक डिसॅबिलिटी इंडेक्स, म्हणजे मानदुखीमुळे रोजच्या कामात किती अडचण येते ते विचारणारा फॉर्म, भरून घेच, 10 प्रश्न, 50 पैकी मार्क, त्यात झोप, वाचन, ड्रायव्हिंग सगळं येतं. टेन्शनचं मात्र त्यात नाही, ते गप्पांमधून काढायचं. हातात मुंग्या किंवा ताकद कमी वाटली तर मोजत बसू नकोस, सरळ सीनियरला बोलव.