सहायक प्राध्यापकाची बढती नेमकी कोण ठरवतं?

तुम्ही विचारलंय की जागा रिकामी नसतानाही बढती कशी मिळते. 'कॅस'मध्ये, म्हणजे सेवेची वर्षं आणि कामगिरी पाहून बढती देणाऱ्या 'करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम'मध्ये, रिकामी जागा लागतच नाही. वर जातो तो माणूस, त्याचं पद त्याच्यासोबत.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीनुसार लेव्हल 10 वरून, म्हणजे सहायक प्राध्यापकाच्या सुरुवातीच्या वेतनस्तरावरून, 11 ला जायला पीएचडी असेल तर 4 वर्षं, एम.फिल. असेल तर 5, दोन्ही नसेल तर 6. पुढे 12 साठी 5 वर्षं. या दोन टप्प्यांवर छाननी समिती कागद पाहते. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक होताना मात्र निवड समितीपुढे मुलाखत असते, बाहेरचे विषयतज्ज्ञ बसतात. प्राध्यापकपदासाठी पीएचडी, 10 शोधनिबंध (त्यातले 3 मूल्यमापनाच्या काळातले) आणि 110 संशोधन गुण.

खरी गोम फाईलमध्ये आहे. वर्षाचा स्वयंमूल्यमापन अहवाल त्याच वर्षी भरून आयक्यूएसीकडे (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडे) द्या. सहा वर्षांची प्रमाणपत्रं शेवटच्या महिन्यात शोधणारे स्टाफरूममध्ये ढिगाने सापडतील! रिफ्रेशर कोर्स, म्हणजे शिक्षकांसाठीचं उजळणी प्रशिक्षण, हेही वेळेत उरका, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

समितीने शिफारस केली तरी पगार लगेच वाढत नाही. अनुदानित महाविद्यालयात उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातून वेतननिश्चिती व्हावी लागते.