खात्याला हात लावला आहे का, ते आधी सांगा

सांगली जिल्ह्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आहे. मुलीला इंग्लंडमध्ये लीड्सला एमएस्सीसाठी प्रवेश मिळाला. 4 ऑगस्टला व्हिसाचा अर्ज भरला, 21 ऑगस्टला नकाराची मेल आली. नकाराचं कारण एकच: लागणारी रक्कम सलग 28 दिवस खात्यात नव्हती. वडील लिहितात, "फक्त दोन दिवस शिल्लक सव्वा लाखाने कमी पडली. 19 जुलैला बागेच्या औषधांच्या बिलाचा चेक वटला आणि 21 ला तासगावहून बेदाण्याचे पैसे जमा झाले. सरासरी काढली तर शिल्लक हवी त्यापेक्षा जास्तच भरते. हायकोर्टात दाद मागता येईल का? आणि खात्यात मेहुण्याचे सहा लाख आहेत, ते आता परत करून टाकावेत म्हणतो."

मेहुण्याचे पैसे परत करू नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण हे आधी ऐका.

ब्रिटनच्या व्हिसा नियमावलीत विद्यार्थ्यांसाठी आणि पैशांसाठी वेगवेगळी परिशिष्टं आहेत. त्यांनुसार कोर्सची उरलेली फी आणि राहण्या-जेवणाचा जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा खर्च एवढी रक्कम सलग 28 दिवस खात्यात असली पाहिजे. 11 नोव्हेंबर 2025 पासून लंडनबाहेरच्या कोर्ससाठी हा खर्च महिना 1,171 पौंड धरतात, म्हणजे नऊ महिन्यांचे 10,539 पौंड. ती रक्कम त्या 28 दिवसांत एक दिवससुद्धा खाली गेलेली चालत नाही. सरासरीचा त्यात उल्लेखच नाही. त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याने तुमच्यावर अन्याय केला असं मला म्हणता येत नाही. त्याने स्टेटमेंटवरची 19 आणि 20 जुलैची ओळ वाचली आणि नियम लावला.

आता तारखा मोजू. 21 जुलै मी धरत नाही, कारण बेदाण्याचे पैसे जमा होईपर्यंत त्या दिवशीही शिल्लक कमीच होती. 22 जुलै पहिला दिवस. मग 28 वा दिवस येतो 18 ऑगस्ट. म्हणजे नकाराची मेल आली तेव्हा तुमचे 28 दिवस पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते! 4 ऑगस्टला व्हिसाची फी भरण्याऐवजी 19 ऑगस्टला भरली असती तर याच पैशांवर, याच खात्यावर अर्ज पैशांच्या मुद्द्यावर अडला नसता. मुलीचं वर्ष पणाला लागलेलं असताना पासबुकातल्या ओळी बोट ठेवून वाचायला कोणालाही वेळ मिळाला नाही, तुम्हालाही नाही आणि ज्याला तुम्ही पैसे मोजले त्या एजंटलाही नाही. अशी पत्रं दर वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये येतात आणि दर वेळी चीड येते, कारण यात कायद्याचा काहीच गुंता नसतो, कॅलेंडर समोर ठेवलं तरी पुरे असतं.

म्हणून सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं. 22 जुलैपासून आजपर्यंत त्या खात्यातून रक्कम खाली जाईल असं काही काढलं आहे का? नसेल, तर उद्याच शाखेत जा, कालपर्यंतचं स्टेटमेंट सही-शिक्क्यासह घ्या आणि नवा अर्ज भरा. स्टेटमेंटवरच्या शेवटच्या तारखेपासून 31 दिवसांच्या आत अर्ज झाला पाहिजे, आणि अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरल्याची तारीख, बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याला जाता ती नव्हे. पौंडाचा भावही अर्जाच्या दिवशीचाच धरतात, ओआंडा या वेबसाइटवरचा. रुपया त्या आठवड्यात घसरला तर कालपर्यंत पुरणारी रक्कम आज कमी पडू शकते, तेव्हा लागते त्यापेक्षा लाखभर तरी जास्त राहू द्या.

काढली असेल, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. मग सप्टेंबरचा प्रवेश हातात राहील का, हे विद्यापीठाने वर्गात हजर होण्याची शेवटची तारीख कोणती दिली आहे त्यावर अवलंबून आहे. ती तारीख उलटण्याच्या आत मुलीने लेखी कळवून प्रवेश पुढच्या प्रवेशसत्रात ढकलून मागावा. भरलेल्या डिपॉझिटचं काय होईल तेही त्याच मेलमध्ये विचारा. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे, त्यामुळे तिथे मी ठाम काही सांगत नाही.

आता कोर्टाचं. दुसऱ्या देशाने व्हिसा नाकारला म्हणून आपल्या हायकोर्टात रिट चालत नाही. ब्रिटनमध्येही अशा नकारावर अपील नाही, फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागता येते. नकार मिळाल्यापासून 28 दिवसांत हा रिव्ह्यू मागायचा असतो, त्याची फी 80 पौंड. पण तो अधिकाऱ्याची चूक दाखवण्यासाठी असतो, नवे कागद जोडण्यासाठी नव्हे. समजा तुम्ही भरलेली फी विद्यापीठाने कागदावर दाखवली होती आणि अधिकाऱ्याने ती लागणाऱ्या रकमेतून वजाच केली नाही, तर रिव्ह्यू जरूर मागा म्हणालो असतो. तुमच्या बाबतीत अशी चूक दिसत नाही. रिव्ह्यूचा निकाल यायला कित्येक महिने लागू शकतात, आणि मध्येच नवा अर्ज केलात तर रिव्ह्यू मागे घेतला असं धरतात. त्या 80 पौंडांच्या नादाला लागू नका.

नव्या अर्जाला विद्यापीठाकडून नवा कॅस, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला, लागेल. जुना कॅस पहिल्या अर्जातच वापरला गेला. मुलीने आजच मेल करावी, सोबत नकाराचं पत्र आणि 22 जुलैपासूनचं स्टेटमेंट जोडावं. किती विद्यार्थ्यांचे व्हिसा नाकारले गेले यावर विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना टिकून असतो, म्हणून ते आधी स्टेटमेंट तपासूनच कॅस देतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ही तपासणी तुमच्याच फायद्याची आहे, कारण त्यांची माणसं रोज हेच काम करतात. अर्जासोबतचं टीबी नसल्याचं सर्टिफिकेट सहा महिने चालतं. व्हिसाच्या अर्जाबरोबर भरलेला आरोग्य अधिभार नकारानंतर परत मिळतो. व्हिसाची फी मात्र गेली.

मेहुण्याच्या नावावरची पतसंस्थेतली ठेव दाखवली तर चालेल का, असंही तुम्ही विचारलं आहे. चालणार नाही, आणि त्याला कारणं दोन. पैसे विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या खात्यात लागतात. मामा-काका, आजोबा, मोठा भाऊ त्यात बसत नाहीत. दुसरं, पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, तिच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं, आणि ज्या संस्थेची खात्रीलायक पडताळणी करता येत नाही तिचा पुरावा होम ऑफिस, म्हणजे व्हिसा देणारं ब्रिटनचं गृहखातं, मानत नाही. शेअर्स, पीएफ, जमिनीचं व्हॅल्युएशन, सीएचा दाखला हेही यात उपयोगाचं नाही. शैक्षणिक कर्ज मात्र विचारात घ्या. मुलीच्या नावे बँकेचं मंजुरीपत्र असेल, ते सहा महिन्यांपेक्षा जुनं नसेल आणि त्यात व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी अट नसेल, तर तेवढ्या रकमेला 28 दिवसांची अट लागत नाही. बँक किती दिवसांत मंजुरी देईल ते तुमच्या शाखेवर आहे, सातबारा तारण ठेवायचा असेल तर जास्त वेळ धरा.

एजंट म्हणाला, "दुसरं स्टेटमेंट मी जुळवून देतो." या माणसाशी व्यवहार थांबवा. खोटा कागद सापडला तर मुलीचे अर्ज दहा वर्षं नाकारले जाऊ शकतात, आणि कागद एजंटने केला की तुम्ही, याने तिथे काही फरक पडत नाही. नव्या फॉर्ममध्ये 'आधी व्हिसा नाकारला होता का' या प्रश्नापुढे 'हो' लिहा, कारण आणि तारीखही द्या. पैशांच्या दोन दिवसांवरून आलेला नकार पुढे आड येत नाही. तो लपवला तर आड येतो, उद्या तिने कॅनडाला अर्ज केला तरी.

या एजंटविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल, तुमच्याच जिल्ह्यात, आणि त्याला दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे त्याची घाई आज नाही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यावा असं लिहिलेलं आहे, पण प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि त्या आशेवर मुलीचं पुढचं काही ठरवू नका. तक्रार टिकेल की नाही हे त्याने नेमकं कशाचं आश्वासन दिलं होतं आणि पावतीवर काय लिहिलं आहे ते पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तेव्हा पावत्या बाजूला काढून ठेवा, 'जुळवून देतो' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुसू नका, आणि केस उभी राहीपर्यंत तो फोन विकू किंवा बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ फोन हाताशी असताना करून घेणं सोपं जातं.